सर्व्हरची मेमरी नेमकी कुठे गेली? लिनक्सवरील शोधाची पद्धत

सर्व्हरची मेमरी ९५ टक्के भरल्याचा इशारा आला, की बहुतेकांचा हात आधी सेवा रीस्टार्ट करण्याकडे जातो. आलेख खाली येतो, इशारा थांबतो आणि आठ-दहा दिवसांनी तोच प्रकार पुन्हा घडतो. कारण मेमरी कोणाकडे होती याचा सर्वांत चांगला पुरावा, म्हणजे चालू असलेली ती प्रोसेस, आपणच घालवून बसलेलो असतो. मेमरीचा शोध हा मुळात हिशेबाचा प्रश्न आहे. एकूण किती, कोणाच्या नावावर किती, आणि बेरीज जुळत नसेल तर फरक कुठे दडला आहे, हे कळेपर्यंत एकही सेटिंग बदलू नये, असे माझे मत आहे. कमांड, फायली आणि सेटिंग यांची नावे येथे उच्चारानुसार दिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच त्यांच्या मूळ रोमन रूपात द्यावीत.

रीस्टार्ट करण्यापूर्वीची दोन मिनिटे

सेवा बंद पडण्याच्या बेतात असेल आणि रीस्टार्ट टाळता येणार नसेल, तरीही त्याआधी चार गोष्टी एखाद्या फायलीत साठवून ठेवाव्यात: «फ्री -एम»चे उत्तर, «/प्रॉक/मेमइन्फो» ही संपूर्ण फाइल, आरएसएसच्या (प्रोसेसने प्रत्यक्ष व्यापलेल्या मेमरीच्या) उतरत्या क्रमाने लावलेली प्रोसेसची यादी आणि कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, लॉगमधील शेवटच्या दोनशे ओळी. ही फाइल «/टीएमपी»मध्ये ठेवू नये, कारण अनेक सर्व्हरवर ते फोल्डर मेमरीतच असते आणि मशीन रीबूट झाल्यास त्यातले सगळे जाते. या चार गोष्टी हाती असल्या, की पुढचे बरेचसे काम सावकाश बसून करता येते.

«फ्री»चे रकाने कसे वाचावेत

समजा १६ जीबीच्या एका सर्व्हरवर «फ्री -एम»ने पुढील आकडे दाखवले: एकूण १५,८८०, यूज्ड ६,२४०, फ्री ४१२, शेअर्ड ३१०, बफ-कॅश ९,२२८ आणि अव्हेलेबल ८,९५०. फ्री या रकान्यातील ४१२ पाहून घाबरणारे पुष्कळ भेटतात. पण हा सर्व्हर ठणठणीत आहे. लिनक्सचे कर्नल रिकामी मेमरी पडून राहू देत नाही, तर डिस्कवरून वाचलेल्या फायलींची पाने (मेमरीचे सहसा ४ केबीचे तुकडे) तीत जपून ठेवते आणि एखाद्या प्रोसेसला मेमरी हवी झाली, की त्यातली स्वच्छ, म्हणजे डिस्कवरील प्रतीशी जुळणारी, पाने लगेच सोडून देते. म्हणून बराच काळ चालू असलेल्या सर्व्हरवर फ्रीचा आकडा लहान असणे हीच नेहमीची स्थिती होय.

पाहायचा रकाना अव्हेलेबलचा. स्वॅप न करता, म्हणजे मेमरीतली पाने डिस्कवर न हलवता, नव्या प्रोसेसना साधारण किती मेमरी देता येईल, याचा कर्नलने स्वतः केलेला तो अंदाज असतो आणि तो कर्नलच्या ३.१४ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१४ पासून मिळू लागला. त्याआधी लोक फ्री, बफर आणि कॅश यांची बेरीज करून काम भागवत असत. ती बेरीज चुकीची ठरते, कारण कॅशमधले सगळेच सोडता येण्याजोगे नसते. आणखी एक बारकावा असा, की «फ्री»च्या अलीकडच्या आवृत्त्यांत यूज्ड हा आकडा एकूणमधून अव्हेलेबल वजा करून काढला जातो, तर त्याआधीच्या आवृत्त्यांत फ्री, बफर आणि कॅश वजा करून काढला जात असे. दोन सर्व्हरची तुलना करताना आकडे विचित्र वाटले, तर आधी ही शक्यता तपासावी.

«ड्रॉप_कॅशेस»मध्ये ३ लिहून कॅश रिकामी करण्याचा उपाय अजूनही सर्रास सुचवला जातो. काही ठिकाणी तर तो दर तासाच्या क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांत) टाकलेला आढळतो. त्याने आलेख सुंदर दिसतो खरा, पण जी पाने कर्नलने जपली होती ती डिस्कवरून पुन्हा वाचावी लागतात आणि सर्व्हर विनाकारण मंदावतो. चाचणी घेताना ती सोय उपयोगी पडते. चालत्या सर्व्हरवर तिचे काम नाही.

टंचाई खरोखर आहे का?

अव्हेलेबल कमी आहे एवढ्यावरून सर्व्हर अडचणीत आहे असे म्हणता येत नाही. मेमरी कमी पडल्याची किंमत तो मोजत आहे का, हे तीन ठिकाणी दिसते.

पहिले ठिकाण «व्हीएमस्टॅट १». त्यातील एसआय आणि एसओ हे रकाने दर सेकंदाला स्वॅपमधून किती आत आले आणि स्वॅपकडे किती गेले ते सांगतात. पहिली ओळ सोडून द्यावी, कारण ती मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. स्वॅपमध्ये दोन जीबी पडून आहेत, पण एसआय आणि एसओ शून्यावर आहेत, तर काळजीचे कारण नाही. न लागणारी पाने कर्नलने कधीतरी बाजूला ठेवली आहेत, एवढाच त्याचा अर्थ. हे दोन्ही रकाने मिनिटेच्या मिनिटे सतत हलते असतील, तर मात्र सर्व्हर एका हाताने पाने बाहेर टाकून दुसऱ्या हाताने तीच परत आणत आहे.

स्वॅप मुळीच न ठेवलेल्या सर्व्हरवर हे रकाने शून्यच राहतात आणि तेथेच फसगत होते. प्रोसेसची स्वतःची पाने हलवायला जागा नसल्यामुळे कर्नल फायलींची पाने सोडू लागते आणि त्यात चालू प्रोग्रॅमच्या कोडची पानेही जातात, जी पुढच्याच क्षणी डिस्कवरून परत वाचावी लागतात. अशा वेळी बीआय हा डिस्कवरून होणाऱ्या वाचनाचा रकाना चढलेला दिसतो, डिस्क वाचनाने व्यापलेली असते, आणि लॉगिनला एक-एक मिनिट लागते. ‘आमच्याकडे स्वॅपच नाही, त्यामुळे स्वॅपिंगचा त्रास होणार नाही’ हा युक्तिवाद म्हणूनच लंगडा आहे.

दुसरे ठिकाण «/प्रॉक/प्रेशर/मेमरी» ही फाइल. कर्नलच्या ४.२० या आवृत्तीपासून ती उपलब्ध आहे. काही वितरणांत मात्र ती सुविधा बूटच्या वेळी मुद्दाम चालू करावी लागते. मेमरीची वाट पाहत कामे किती टक्के वेळ अडून राहिली, ते तिच्यात १०, ६० आणि ३०० सेकंदांच्या सरासरीने मिळते. ‘सम’च्या ओळीत निदान एक काम अडले असतानाचा वेळ असतो आणि ‘फुल’च्या ओळीत सगळीच चालू कामे एकाच वेळी अडली असतानाचा. इशारे लावायचे असतील तर मेमरी किती टक्के भरली यापेक्षा या फायलीवर लावावेत. रात्री-अपरात्री उगाच उठावे लागत नाही.

तिसरे ठिकाण कर्नलचा लॉग, म्हणजेच तेथे ओओएम किलरने (मेमरी संपल्यावर एखादी प्रोसेस मारून टाकणाऱ्या कर्नलच्या यंत्रणेने) केलेली नोंद. तिच्याकडे पुढे येऊ.

कोणाच्या नावावर किती

«पीएस -ईओ पीआयडी,यूजर,आरएसएस,कॉम --सॉर्ट=-आरएसएस» या कमांडने मोठ्या प्रोसेस वर येतात. «टॉप»मध्ये मोठे एम दाबल्यास तेच होते. येथे व्हर्ट हा रकाना जवळजवळ दुर्लक्षून चालतो, कारण प्रोसेसने मागून ठेवलेल्या पत्त्यांचा तो विस्तार आहे. त्यामागे खरी मेमरी असेलच असे नाही. ४० जीबी व्हर्ट असलेली प्रोसेस ३०० एमबीवर सुखाने चालत असते. रेस, म्हणजेच आरएसएस, हा प्रत्यक्ष मेमरीत असलेल्या पानांचा आकडा.

पण आरएसएसची बेरीज करता येत नाही. एका पालक प्रोसेसने चाळीस वर्कर (काम वाटून घेणाऱ्या उपप्रोसेस) निर्माण केले असतील, तर त्यांची सामाईक पाने चाळीस वेळा मोजली जातात आणि बेरीज यंत्रात बसवलेल्या मेमरीपेक्षाही मोठी निघू शकते. यासाठी पीएसएस हा आकडा वापरावा. त्यात सामाईक पान जितक्या प्रोसेस वापरतात तितक्यांत वाटून मोजलेले असते. «/प्रॉक» खाली प्रत्येक प्रोसेसच्या फोल्डरात «एसमॅप्स_रोलअप» नावाची फाइल असते, तीत हा आकडा तयार मिळतो. «एसमेम» हे साधन तोच सगळ्या प्रोसेससाठी एकत्र दाखवते. एखाद्या वर्करचा आरएसएस १४० एमबी आणि पीएसएस ७० एमबी असणे अगदी सामान्य आहे, आणि वर्करची संख्या ठरवताना हाच दुपटीचा फरक निर्णायक ठरतो.

सेवेनुसार बेरीज हवी असेल तर «सिस्टमडी-सीजीटॉप -एम» चालवावे. त्यातील आकड्यात त्या सेवेने वाचलेल्या फायलींची कॅशही धरलेली असते, हे ध्यानात ठेवावे. बॅकअपची सेवा १२ जीबी ‘खाताना’ दिसते ती बहुतेकदा याच कारणाने. त्या सेवेच्या गटाच्या «मेमरी.स्टॅट» फायलीत अनॉन (प्रोसेसची स्वतःची पाने) आणि फाइल (फायलींची कॅश) हे आकडे वेगळे पाहिले, की उलगडा होतो.

बेरीज जुळत नाही तेव्हा

सगळ्या प्रोसेसच्या पीएसएसची बेरीज करून झाली आणि तरी काही जीबींचा पत्ता लागत नाही, अशी वेळ येते. माझ्या वाट्याला आलेला एक प्रसंग येथे सविस्तर सांगतो, कारण त्यात «फ्री»चेच आकडे उत्तर देत होते आणि मी तासभर प्रोसेसच्या यादीत डोके घालून बसलो होतो.

सर्व्हर वरच्यासारखाच, १५,८८० एमबीचा. यूज्ड ५,३४०, फ्री ३९०, बफ-कॅश १०,१५०. म्हणजे वरवर पाहता कॅश भरपूर आणि चिंता नाही. पण अव्हेलेबल फक्त ३,५६० होते. दहा जीबी कॅश असूनही त्यातले जेमतेम एक तृतीयांश सोडता येत असेल, तर उरलेले कॅशच्या नावाखाली दुसरेच काहीतरी असले पाहिजे. शेअर्डचा रकाना पाहिल्यावर कोडे सुटले: ६,७२०. अहवाल तयार करणारी एक स्क्रिप्ट आपल्या तात्पुरत्या फायली «/डेव्ह/एसएचएम»मध्ये ठेवत होती आणि मध्येच अपयशी ठरली तर त्या तशाच मागे राहत होत्या. ते फोल्डर टीएमपीएफएस प्रकारचे, म्हणजे मेमरीतले. त्या फायलींची गणना कॅशमध्ये होते, पण त्यांना डिस्कवर दुसरी प्रत नसल्यामुळे कर्नल त्या सोडू शकत नाही. कोणत्याही प्रोसेसने त्या उघडलेल्या नव्हत्या, म्हणून कोणाच्याच नावावर त्या दिसत नव्हत्या. «डीएफ -एच -टी टीएमपीएफएस» ही एक कमांड आधी दिली असती तर तासभर वाचला असता. टीएमपीएफएसची मर्यादा वेगळी ठरवून दिली नसेल तर ती एकूण मेमरीच्या निम्मी असते, त्यामुळे अशा गळतीला वाव बराच मिळतो.

बफ-कॅश मोठे आणि अव्हेलेबल लहान असेल तर शेअर्डकडे पाहावे, ही खूणगाठ तेव्हापासून बांधली आहे.

इतर ठिकाणे थोडक्यात. «मेमइन्फो»मधील एसअनरिक्लेम हा आकडा काही जीबींत गेला असेल, तर कर्नलच्या स्वतःच्या रचनांनी मेमरी धरली आहे. «स्लॅबटॉप» चालवून कोणती रचना फुगली आहे ते पाहावे. एसरिक्लेमेबल मोठा असेल आणि यादीच्या शिखरावर डेंट्री किंवा आयनोड (फायलींची नावे आणि माहिती यांच्या नोंदी) असेल, तर लाखो लहान फायलींवरून कोणीतरी फिरले आहे एवढेच समजावे. ती मेमरी गरजेला परत मिळते. ह्यूजपेजेस_टोटल, म्हणजे राखलेल्या मोठ्या पानांची संख्या, शून्य नसेल, तर त्याला पानाच्या आकाराने, म्हणजे सहसा २,०४८ केबीने, गुणावे. ही मेमरी वापरात असो वा नसो, राखून ठेवलेली असते आणि आरएसएसमध्ये दिसत नाही. डेटाबेस दुसऱ्या मशीनवर हलवला पण त्याच्यासाठी राखलेली मोठी पाने तशीच राहिली, असे हमखास घडते. झेडएफएस ही फाइल सिस्टिम वापरत असाल तर त्याची एआरसी नावाची कॅश बफ-कॅशमध्ये न येता यूज्डमध्ये येते. आणि मशीन आभासी असेल, तर यजमान मशीनने बलून ड्रायव्हरमार्फत मेमरी मागे घेतली आहे का, हे तेथील व्यवस्थापकांना विचारावे. आतून पाहणाऱ्याला ती मेमरी फक्त गायब झालेली दिसते.

गळती, की चुकीची बेरीज?

दोषी प्रोसेस सापडली, की ‘मेमरी लीक आहे’ असे म्हणून मोकळे होण्याचा मोह होतो. निदान दोन दिवस दर पाच मिनिटांनी तिचा आरएसएस वेळेसह एका फायलीत नोंदवावा आणि मग रेषेचा आकार पाहावा. सुरुवातीला चढून मग सपाट होणारी रेषा म्हणजे प्रोग्रॅमने आपली कॅश भरून घेतली. रात्रीच्या एखाद्या मोठ्या कामानंतर एक पायरी चढून तेथेच राहणारी रेषा बहुधा त्या कामाची कमाल गरज दाखवते, कारण प्रोग्रॅमने मोकळी केलेली मेमरी वाटप करणारी लायब्ररी कर्नलला लगेच परत करतेच असे नाही. वर्दळ असो वा नसो, दिवस-रात्र त्याच उताराने चढत जाणारी रेषा असेल, तर गळतीचा संशय रास्त आहे.

अनेक थ्रेड वापरणाऱ्या प्रोग्रॅममध्ये लीकसारखा भासणारा आणखी एक प्रकार आढळतो. ६४ बिटच्या मशीनवर जीलिबसी या सी लायब्ररीचे मॅलॉक, म्हणजे मेमरी वाटणारे फंक्शन, प्रत्येक सीपीयू कोअरमागे आठपर्यंत स्वतंत्र अरीना (मेमरीचे साठे) उघडू शकते. १६ कोअरवर ही मर्यादा १२८ होते आणि प्रत्येकीत थोडी-थोडी मेमरी अडकून राहते. «मॅलॉक_अरीना_मॅक्स» हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल २ वर ठेवून सेवा सुरू केल्यावर आरएसएस लक्षणीय उतरला, तर तुमच्या कोडमध्ये दोष शोधण्याची गरज उरत नाही.

माझ्या पाहण्यात मात्र लीकपेक्षा चुकलेल्या बेरजाच अधिक येतात. ८ जीबीच्या सर्व्हरवर डेटाबेसला ३ जीबी दिले, आणि पीएचपी-एफपीएमचे पीएम.मॅक्स_चिल्ड्रन, म्हणजे वर्करची कमाल संख्या, ८० ठेवले. प्रत्येक वर्करचा पीएसएस ७० एमबी धरला तरी ८० वर्करचे ५,६०० एमबी होतात. एरवी वीसच वर्कर चालू असतात म्हणून महिनोन्महिने काही बिघडत नाही, आणि गर्दीच्या दिवशी सर्व्हर कोसळतो. पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसमध्ये वर्क_मेमबाबत हेच घडते. त्याचे मूळ मूल्य ४ एमबी असते आणि ते संपूर्ण सर्व्हरसाठी किंवा एका जोडणीसाठी नसून क्वेरीतील प्रत्येक सॉर्ट किंवा हॅशसाठी असते. कोणी ते ६४ एमबी केले आणि १०० जोडण्यांनी एकाच वेळी प्रत्येकी तीन सॉर्ट केले, तर गरज १९,२०० एमबीवर जाते. असे मूल्य सगळ्यांसाठी वाढवण्याऐवजी अहवालाच्या त्या एका सेशनपुरते वाढवावे.

जावाच्या बाबतीत एक्सएमएक्सने दिलेली मर्यादा फक्त हीपची (प्रोग्रॅमच्या ऑब्जेक्टसाठीच्या मेमरीची) असते, प्रोसेसची नव्हे. मेटास्पेस, थ्रेडचे स्टॅक, तयार केलेला मशीन कोड आणि डायरेक्ट बफर हे सगळे त्याच्या बाहेर. ४ जीबीच्या हीपची प्रोसेस ५ जीबी दाखवते तेव्हा आधी नेटिव्ह मेमरी ट्रॅकिंग चालू करून «जेसीएमडी»ने वाटणी पाहावी, आणि मगच हीप डंपच्या मागे लागावे.

ओओएमची नोंद वाचणे

प्रोसेस अचानक नाहीशी झाली आणि तिचा एक्झिट कोड १३७ आला, तर तो १२८ अधिक ९, म्हणजे तिला सिग्नल ९ ने मारले गेले. «डीमेसेज -टी» किंवा «जर्नलसीटीएल -के» यांत ‘आउट ऑफ मेमरी’ शोधावे. त्या नोंदीत ज्या प्रोसेसने ‘इन्व्होक्ड ओओएम-किलर’ असे लिहिलेले असते, ती फक्त मेमरी मागायला नेमक्या चुकीच्या क्षणी आलेली असते. ‘किल्ड प्रोसेस’ असे लिहिलेली बळी गेलेली असते, कारण बहुधा तीच सर्वांत मोठी होती. खरी वाढ तिसऱ्याच कोणाची असू शकते. म्हणून नोंदीतला प्रोसेसचा पूर्ण तक्ता वाचावा. त्यातील आरएसएस केबीत नसून पानांत असतो: तेथे ८,१०,००० दिसले तर ४ केबीने गुणून सुमारे ३.१ जीबी.

त्याच नोंदीत कॉन्स्ट्रेंट_मेमसीजी असे असेल, तर मशीनची मेमरी संपलेली नसून त्या सेवेला किंवा कंटेनरला दिलेली मर्यादा ओलांडली गेली आहे. सर्व्हरवर दहा जीबी मोकळे असताना कंटेनर का मरतो, या प्रश्नाचे उत्तर इथे असते.

उपाय लावताना

हिशेब जुळल्यावर उपाय सहसा उघड असतो: वर्करची संख्या, बफरचा आकार, राहिलेल्या फायली किंवा जास्तीची मेमरी. कोड दुरुस्त व्हायला वेळ लागणार असेल तर वर्कर ठरावीक विनंत्यांनंतर आपोआप बदलण्याची सोय, उदाहरणार्थ पीएम.मॅक्स_रिक्वेस्ट्स, लावावी, मात्र ती तात्पुरती आहे अशी नोंद कुठेतरी करून ठेवावी, नाहीतर तीच कायमची होते.

सिस्टमडीच्या (सेवा सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थेच्या) युनिट फायलीत मेमरीहाय आणि मेमरीमॅक्स अशा दोन मर्यादा देता येतात. पहिली ओलांडल्यास सेवा मंदावते आणि तिच्याकडून मेमरी परत घेतली जाते. दुसरी ओलांडायची वेळ आली आणि काही परत मिळाले नाही, तर त्या सेवेतच ओओएम होते. बिनभरवशाच्या सेवेला दोन्ही द्याव्यात, म्हणजे ती फुगली तरी शेजारचा डेटाबेस बळी जात नाही. थोडा स्वॅप ठेवावा. स्वॅपीनेसचे, म्हणजे कर्नल स्वॅपकडे किती झुकते ते ठरवणाऱ्या सेटिंगचे, मूळ मूल्य ६० असते. ते बदलून मोठी टंचाई दूर झालेली मी पाहिलेली नाही.

ओओएम_स्कोअर_ॲडज हे मूल्य उणे १,००० ते १,००० पर्यंत देता येते. जितके लहान, तितकी ती प्रोसेस वाचण्याची शक्यता अधिक. उणे १,००० म्हणजे पूर्ण अभय. ओपनएसएसएचचा मुख्य डीमन स्वतःला हे अभय घेऊन ठेवतो, म्हणूनच बहुधा अशा प्रसंगीही लॉगिन करता येते. महत्त्वाच्या सेवेला युनिट फायलीतील ओओएमस्कोअरॲडजस्टमधून उणे ५०० सारखे मूल्य द्यावे. एखाद्या संपूर्ण सेवेला उणे १,००० देण्यापूर्वी मात्र तिच्या वाढीला दुसरी काही मर्यादा आहे का ते पाहावे. तीच फुगत असेल, तर तिच्याऐवजी बाकीच्या प्रोसेस एकेक करून मारल्या जातात, आणि सकाळी लॉगमध्ये पाहणाऱ्याला दोषी सोडून इतर सगळ्यांची नावे सापडतात.